पायरीवरचे अण्णा आणि विलायती वाडा

गुरुपादअण्णा माणसं भांड्यांवरून ओळखायचे. आमच्या भांड्यांच्या गल्लीतून एखादे कडक इस्त्रीतले पुढारी चालले, की अण्णा चष्म्याच्या वरून बघणार आणि मला म्हणणार, "राधानगरीचं घंगाळ चाललंय बग." म्हणजे त्या पुढाऱ्यांच्या आईला लग्नात आलेल्या घंगाळावर अण्णांनी नाव घातलेलं. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. मला त्यांनी जन्मात नावानं हाक मारली नाही. माझ्या लग्नाला आले, जेवले, माझ्या सासऱ्यांची सगळी भावकी त्यांना पाठ, पण मी आपला कायमचा 'झेरॉक्स'.

भांड्यांवर नावं घालणं हा त्यांचा धंदा. बाबूशेठच्या भांड्यांच्या दुकानाला दगडी पायरी आहे. तिच्या एका कडेला पोतं अंथरून अण्णा बसायचे. कपाळाला विभूती, मांडीवर फडकं, फडक्यावर भांडं, एका हातात छिन्नी आणि दुसऱ्या हातात सुपारीएवढ्या डोक्याची हातोडी. दिवसभर टकटक चालू. आधी पेन्सिलीनं लिहून घेणं वगैरे भानगड नाही. अक्षर डोक्यातून थेट पितळेवर, आणि ओळ अशी सरळ की माझ्या मशीनमधूनही कधी तेवढी सरळ निघाली नाही.

एक खोड मात्र भयंकर होती. नाव कुणाचं ते नीट समजून घेतल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. एकदा पन्हाळ्याकडचा एक माणूस पातेलं घेऊन आला. घाईत होता, एसटी गाठायची होती.

"लिवा. कैलासवासी महादेव ज्ञानू पाटील यांचे स्मरणार्थ," तो म्हणाला.

"कोन तुमचं?" अण्णा.

"वडील."

"कशानं गेलं?"

"अटॅक आला."

"शेतात का घरात?"

"शेतात. अण्णा, माझी गाडी हाय."

"गाड्या काय, येत्यात नि जात्यात. बसा की पावणं. शेतात काय करालते?"

तो बसला. वडील उसाला पाणी पाजत होते इथपासून जे सुरू झालं, ते वडिलांनी लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन जत्रेला कसं नेलं इथपर्यंत गेलं. माणूस ढसाढसा रडला. मी चहा सांगितला. दोन गाड्या चुकल्या. मग अण्णांनी पाच मिनिटांत नाव घातलं. जाताना तो माणूस पातेलं पोटाशी धरून गेला. मी म्हटलं, "अण्णा, लोकं भांडी घ्यायला येत्यात का सांत्वनाला?" तर म्हणाले, "मानूस ठाऊक नसंल तर नाव कुनाचं घालायचं रं?"

बिननावाचं भांडं दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा. माझ्या जेवणाच्या डब्यावर माझं नाव आहे, झाकणावर आहे, झाकणाच्या आतल्या बाजूलाही आहे. त्यांच्या बायकोनं, गौराक्कांनी, एकदा शेजारणीचा झारा दोन दिवसांसाठी आणला होता. तो परत गेला तो गौराक्कांच्या नावानिशी. त्यावरून दोन्ही घरांत महिनाभर अबोला होता.

असं सगळं सुखात चाललेलं. तोवर गेल्या पाडव्याला बाबूशेठनं नावं घालायचं मशीन आणलं. लेसरचं. कॉम्प्युटरवर नाव टाइप केलं, बटण दाबलं, की दहा सेकंदांत भांडं बाहेर. कशानं गेलं, शेतात का घरात, काही विचारत नाही. आणलं खरं, पण बाबूशेठनं ते कोपऱ्यात ठेवून वर टॉवेल टाकला. अण्णांना पायरीवर बसवलं होतं त्याच्या बापानं. बाप गेला, पण 'अण्णा, उठा' म्हणायची बाबूशेठची छाती होईना. शंभर किलोचा गडी, गिऱ्हाइकावर खेकसला की वरच्या फळीवरची पातेली हलायची, पण अण्णांसमोर मात्र नुसता घसा खाकरायचा.

अण्णांना सगळं कळत होतं. मला म्हणाले, "पन्नास वरसात एक चूक न्हाय माझी. एक जरी झाली, तर ते टॉवेल निघतंय बग." त्या पायरीवरून उठायचं नाही, एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

आणि अशात इनामदार सर ते चित्र घेऊन आले.

इनामदार सर म्हणजे इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. मुलगा इंग्लंडात. त्यानं तिकडून वडिलांना एक जुनं चित्र पाठवलं होतं. तिकडच्या कुण्या सरदाराचा खेड्यातला वाडा, तीनशे वर्षांपूर्वीचा. समोरून मोजून सतरा खिडक्या, पुढं झाडांच्या रांगा, सहा घोड्यांची बग्गी, कुत्री, हरणं. सर माझ्याकडं त्याची झेरॉक्स काढायला आले. मी कागद काचेवर ठेवणार, तेवढ्यात चहाचा कप परत द्यायला आलेल्या अण्णांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"अहो, जपून. अँटिक आहे ते," सर म्हणाले.

अण्णांचं लक्षच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि चित्राच्या चारी बाजूंनी बोट फिरवलं. मग म्हणाले, "हितं दबलंय. ही पत्र्याची कड हाय. सर, हे कागदावर काढल्यालं न्हाय. हे तांब्याच्या पत्र्यावर छिन्नीनं मारलंय, आन मग त्यावर कागद दाबलाय."

सरांना हे मुलाच्या पत्रातून कळलं होतं, अण्णांना बोटातून.

"पत्रा कुठं हाय?" अण्णांनी विचारलं.

"पत्रा? तो कुठला असणार आता? वितळवला असेल. हे प्रिंटच मौल्यवान आहे."

"कागद म्हंजे उष्टं झालं की ओ. जेवान पत्र्यावर झालंय," अण्णा म्हणाले. मला त्यांनी भिंग मागितलं आणि तासभर त्या वाड्याच्या एकेका खिडकीवरून फिरत बसले. मधेच म्हणायचे, "हितं हात थकला हुता गड्याचा." मधेच, "हे झाड दुसऱ्या कुणीतरी मारलंय. शिकाऊ हाय." खाली ओळीत काहीतरी लिहिलं होतं. ते काय, म्हणून विचारलं. सरांनी भाषांतर करून सांगितलं, की अमुक सरदारांचा हा वाडा, हा पत्रा त्यांना त्यांच्या नम्र सेवकाकडून अर्पण.

अण्णा एकदम ताठ बसले. "म्हंजे सप्रेम भेट. आमच्यागतच की."

झालं. त्या दिवसापासून हा तीनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज कारागीर अण्णांचा भाऊबंद झाला. सरांच्याही डोक्यात किडा शिरला. पाचगावच्या बाजूला त्यांचा नवीन बंगला बांधून झाला होता, राहायलाही आले होते, महिन्याभरात वास्तुशांती. त्यांनी ठरवलं, की आपल्या बंगल्याचं असंच चित्र अण्णांनी तांब्यावर कोरायचं, त्याचा छाप काढायचा आणि तो निमंत्रणपत्रिकेवर घालायचा. म्हणजे एक चांगला छाप, आणि बाकीच्या प्रती माझ्याकडं. विलायतेतली एवढी जुनी कला शेवटी माझ्या मशीनवर येऊन टेकणार होती, याचा मला थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

अण्णा रोज दुपारी बंगल्यासमोर जाऊन बसायला लागले. पहिल्याच दिवशी सरांशी वाजलं. सरांचं म्हणणं, पुढं दोन हरणं दाखवा.

"कुठं हायत हरणं?" अण्णा.

"नाहीत हो. पण शोभेसाठी."

"म्हस हाय. ती मारतो."

"म्हैस आमची नाही. शेजारच्यांची आहे."

"बांधलीया तुमच्या दारात. जे दिसतंय ते मारायचं. उद्या तुमचा नातू इचारंल, आजा, हरनं कुठं गेली, तर काय सांगणार? आमटी केली म्हनून?"

म्हैस राहिली. गच्चीवरची काळी पाण्याची टाकी राहिली, दोरीवरचे सरांचे लेंगे राहिले, केबलच्या वायरी राहिल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवरचं धूर ओढायच्या पंख्याचं भोकही राहिलं. पंधरा दिवसांत पत्रा तयार. खाली ओळ, 'श्री. व सौ. इनामदार यांची वास्तू'. मी पत्रा उन्हात धरून बघितला आणि खरंच सांगतो, तो साधा दोन मजली बंगला कुणातरी राजाचा वाटत होता. म्हैससुद्धा खानदानी दिसत होती.

आता छाप काढायचा प्रश्न. पत्र्यात शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओला कागद ठेवून जोरात दाबायचं, असं सरांनी वाचून काढलं होतं. पण दाबायचं कशात? अण्णा म्हणाले, कोपऱ्यावरच्या रसवंतीत. मी नको म्हणत होतो. चरकातून कागद निघाला तो रसात भिजून, आणि बंगल्याला दिवसभर मुंग्या. शेवटी हुपरीला अण्णांच्या ओळखीचा एक चांदीवाला निघाला, त्याच्याकडं पत्रा दाबायचे गुळगुळीत रूळ होते. मी अण्णांना स्कूटरवर घालून नेलं, आणि पहिला छाप फडक्यात गुंडाळून आम्ही थेट इनामदारांच्या घरी गेलो.

सरांनी कागद बघितला. "वा," म्हणाले. मग इनामदार वहिनींनी बघितला.

"अहो, फाटक इकडं कसं आलं?" वहिनी म्हणाल्या.

आम्ही चौघं वाकलो. फाटक डावीकडचं उजवीकडं गेलं होतं. म्हैस पलीकडच्या शेजाऱ्यांकडं गेली होती. खालची ओळ तर अशी, की वाचायला भिंतीवरचा आरसा काढावा लागला. सगळा बंगला उलटा. अण्णांनी पन्नास वर्षं जे कोरलं ते भांड्यावरच वाचायचं असायचं, भांडं कधी कुणी कागदावर दाबलं नव्हतं. सर पुस्तकातले. आणि छपाईतला म्हणवणारा मी, माझ्या मशीनला उलटं-सुलटं काही माहीतच नसतं.

हेही एक वेळ चाललं असतं. पण वहिनींचं बोट त्या पंख्याच्या भोकावर जाऊन थांबलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "स्वयंपाकघर ईशान्येला गेलं," त्या म्हणाल्या. वास्तुवाल्यानं सांगितलं म्हणून त्यांनी बांधून झालेलं स्वयंपाकघर पाडून ईशान्येचं आग्नेयेला आणलं होतं. सहा महिने धूळ खाल्ली होती त्यांनी. ते स्वयंपाकघर अण्णांनी पंधरा दिवसांत परत होतं तिथं नेऊन ठेवलं.

सर म्हणाले, "राहू दे अण्णा. पत्रिकेवर गणपती छापू." अण्णांनी छाप परत फडक्यात गुंडाळला. रंकाळ्यापाशी स्कूटरवर मागून माझ्या कानाशी म्हणाले, "त्या गड्यानं सतरा खिडक्या उलट्या मारल्या असणार, व्हय की न्हाय?"

"मारल्या असणार."

"मग मला काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या न्हाव्याचा मोठा आरसा मागून नेला. बंगल्याकडं पाठ करून बसायचं, पुढं आरसा उभा करायचा आणि आरशातला बंगला कोरायचा. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं म्हातारा उघड्यावर दाढी करायला बसलाय. एकानं तर विचारलं, किती घेता म्हणून. म्हैससुद्धा येऊन आरशात बघून गेली. आणि खालच्या अक्षरांसाठी अण्णा घरीदारी उलटं लिहायचा सराव करायला लागले. माझ्या रद्दी कागदांवर, चहाच्या टेबलावर सांडलेल्या पाण्यात, हवेत बोटानं.

व्हायचं तेच झालं. भर लग्नसराई. कोडोलीच्या एका घरची रुखवताची अकरा भांडी आली होती. अण्णांनी सवयीनं मुलीच्या मामाकडून सगळी माहिती काढली, मुलगी किती शिकली, जावई काय करतो, आणि गप्पांच्या नादात अकराच्या अकरा भांड्यांवर सुरेख, एका ओळीत, काना-मात्रेचीही चूक न करता नाव घातलं. उलटं.

मामानंही भांडी न बघताच पोत्यात भरून नेली, आणि हळदीच्या दिवशी परत आला. चारचौघांना घेऊन आला. अख्खी गल्ली गोळा झाली.

"हे काय लिवलंय?" मामा ओरडला. "सोयरं इचारत्यात, नाव कानडीत हाय, पोरगी कर्नाटकातनं आणलीसा काय?"

अण्णांनी ताट हातात घेतलं. बघितलं. दुसरं घेतलं, बघितलं. अशी अकराही बघितली. मग अण्णा म्हणाले, "माझी चूक हाय." पन्नास वर्षांत हे वाक्य त्या पायरीवर कुणी ऐकलं नव्हतं. बाबूशेठनं नवी अकरा भांडी काढली, कोपऱ्यातला टॉवेल ओढला, आणि दोन मिनिटांत सगळ्यांवर सरळ नावं घालून दिली. त्याला त्यात काही आनंद झालेला मला दिसला नाही.

"अण्णा, तुम्ही आत बसा," तो म्हणाला. "पंख्याखाली बसा."

"न्हाय," अण्णा म्हणाले. त्यांनी पोतं झटकलं, घडी घातली, छिन्न्या फडक्यात गुंडाळल्या आणि पायरीवरून उतरले. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना. बाबूशेठचा, मामाचा, इनामदारांचा, त्या मेलेल्या इंग्रजाचा. दिवसभर मी गिऱ्हाइकांना काळ्या प्रती काढून दिल्या.

पण बंगल्याचा दुसरा पत्रा झाला. वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी हुपरीच्या रुळातून दुसरा छाप निघाला, आणि त्यात फाटक फाटकाच्या जागी, म्हैस म्हशीच्या जागी, आणि स्वयंपाकघर आग्नेयेला. वहिनींनी तो देवापुढं ठेवला. वास्तुशांतीला आलेला जो तो पत्रिका वर करून बघत होता आणि बंगल्याकडं बघत होता, आणि मला वाटतं बऱ्याच जणांना पत्रिकेतला बंगला जास्त आवडला. सर पाहुण्यांना त्या विलायती वाड्यासमोर उभं करून व्याख्यान देत होते. अण्णा पंगतीत बसले होते. वाढप्याच्या हातातल्या बादलीवर नाव नाही, ते बघून त्यांना घास गिळवेना.

बाबूशेठही आला होता. हात धुताना त्यानं अण्णांना गाठलं. "मोठे हंडे मशीनमध्ये बसत न्हाईत. या की परत."

"बसलो असतो," अण्णा म्हणाले. "पर आता सरळ लिवताना हात अडकतोय. एकदा चुकलो, परत चुकीन. तुझ्या गिऱ्हाइकाच्या भांड्यावर शिकायचं वय न्हवं माझं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बाबूशेठ बराच वेळ हात धूत राहिला.

त्यांची मुलगी गडहिंग्लजला असते. आई-वडिलांनी आपल्याकडं यावं म्हणून ती कधीची मागं लागली होती. जायचं ठरलं. जायच्या आधी अण्णा माझ्याकडं आले, म्हणाले, "एक पत्रा ऱ्हायलाय. ही गल्ली मारायची. तुझ्या दारात बसू काय?"

मी प्लास्टिकचं स्टूल दिलं. चार दिवस बसले. आता त्यांना आरसाही लागत नव्हता. पत्र्यावर उलटी गल्ली सुलटीसारखी उतरत होती. दोरीला लटकलेल्या कळश्या, वाढदिवसाचा फाटका फ्लेक्स, गल्लीत आडवं झोपलेलं कुत्रं, गल्ल्यावर जांभई देणारा बाबूशेठ, त्याच्यामागं ते मशीन. मशीनसुद्धा व्यवस्थित मारलं होतं, बटणांसकट.

चौथ्या दिवशी पत्रा पुरा झाला. मी भिंग लावून बघितला. बाबूशेठच्या दुकानाची पायरी होती. दगडाची एकेक रेघ होती, कडेचा झिजलेला खळगासुद्धा होता. पण तिच्यावर कोणी नव्हतं.

"अण्णा, पायरी मोकळीच ठेवलीसा."

"मोकळीच हाय की."

"पन्नास वर्षं बसलाय तितं. सोताला काढा की. कोन इचारणार हाय तुम्हाला?"

अण्णा छिन्नी पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "मी हितं बसलोय रं. मग तितं कसा दिसीन?"

मी आत गेलो आणि मशीन चालू केलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कोरे कागद घातले आणि कोरेच बाहेर काढले. अण्णा कधी उठून गेले ते मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूशेठ त्यांना आणि गौराक्कांना गडहिंग्लजच्या गाडीत बसवून आला. मी दुकान उघडत होतो. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. बाबूशेठ पायरीपाशी आला, थांबला, चप्पल काढली. मग दोन्ही हातांनी चौकट धरून, एवढा शंभर किलोचा गडी, पायरीवर पाय न ठेवता ती ओलांडून आत गेला.